घरच्या वापरासाठी साधा लॅपटॉप, बजेट 35 हजार (ताणून 40) : नागपुरात काय घ्यावं?

रेवती_मनीषनगर

नमस्कार मंडळी. घरी एक लॅपटॉप घ्यायचा आहे आणि काही ठरवता येऊन नाही राहिलं, म्हणून हा धागा.

वापर सांगते. बाबा राज्य सरकारच्या नोकरीतून रिटायर झाले आहेत, त्यांना बँकेचं पाहायचं असते, यूट्यूबवर कीर्तन ऐकायचं असते आणि मुख्य म्हणजे ते आपल्या गावच्या आठवणी मराठीत लिहून राहिले आहेत, त्या टाइप करायच्या आहेत. मुलगी नववीत, तिचे शाळेचे प्रोजेक्ट आणि ऑनलाइन क्लास. मी बचत गटाचा हिशेब एक्सेलमध्ये ठेवते. रविवारी भावाशी व्हिडिओ कॉल, तेव्हा घरचे सगळे एकाच स्क्रीनसमोर बसतात. गेम नाही, व्हिडिओ एडिटिंग नाही.

बर्डीत एका दुकानात सेलेरॉन प्रोसेसर, 4 जीबी रॅम, 64 जीबी स्टोरेजवाला दाखवला, म्हणाला ताई घरच्या कामाला एवढं भरपूर होते. बाजूच्या दुकानात गेलो तर त्यानं सरळ 58 हजाराचा समोर ठेवला, म्हणे याच्या खाली घेऊच नका. खरं काय ते कोणी नीट सांगेल का?

काटोलकर

ताई तो 64 जीबीवाला नका घेऊ बाप्पा. त्याच्यात विंडोज बसली का निम्मी जागा तिथंच गेली, मंग अपडेट आलं का म्हणते जागा नाही. माह्या साळ्याच्या पोराजवळ हाय तसा, पोरगं दर महिन्याले फोटो डिलीट करत बसते.

जुना_पीसीवाला

रेवतीताई, मी लक्ष्मी नगर भागात लॅपटॉप दुरुस्तीचं काम करतो, बरीच वर्षं झाली, त्यामुळे दुकानात काय विकलं जाते आणि माझ्या टेबलावर परत काय येते हे दोन्ही दिसते. तुम्हाला भेटलेले दोन्ही दुकानदार टोकाचं बोलून राहिले. तुमच्या कामाला 58 हजार लागत नाहीत आणि 4 जीबीत ते काम होत नाही. विंडोज 11 ची किमान अट 4 जीबी रॅम आणि 64 जीबी स्टोरेज आहे हे खरं, पण त्या अटीत ती फक्त चालू होते. क्रोममध्ये बँक उघडली, बाजूला व्हॉट्सअ‍ॅप वेब आणि एक एक्सेलची फाइल, की मशीन श्वास घ्यायला थांबते.

आता माझं म्हणणं, आणि हे मी दुकानात आलेल्या प्रत्येकाला सांगतो: जे नंतर बदलता येत नाही त्यावर आज पैसे घाला. एसएसडी (फाइली साठवायचा भाग) नंतर मोठी टाकता येते. रॅमला स्लॉट असला तर रॅम वाढवता येते. बॅटरी बदलता येते. पण प्रोसेसर बोर्डावरच बसलेला असतो, स्क्रीन बदलायची म्हटलं तर खर्च परवडत नाही, कीबोर्ड आणि बिजागरी जशी मिळाली तशी. लोक नेमकं उलट करतात, 1 टीबी आहे म्हणून खुश होतात आणि स्क्रीनकडे पाहतच नाहीत.

त्या दुकानातल्या सेलेरॉनचं पुढचं नाव काय होतं? एन 4020 असेल तर तो 2019 चा दोन कोअरचा (कोअर म्हणजे प्रोसेसरमधले काम करणारे भाग) प्रोसेसर आहे. आणि 64 जीबी म्हणजे बहुतेक ईएमएमसी, म्हणजे मोबाइलसारखी चिप, बोर्डावर सोल्डर केलेली, एसएसडीपेक्षा बरीच हळू, आणि ती काढून दुसरी टाकता येत नाही. म्हणजे त्या मशीनमध्ये बदलता न येणाऱ्या सगळ्याच गोष्टी कमजोर आहेत.

तुमच्यासाठी: 8 जीबी रॅम, 512 जीबी एनव्हीएमई (जलद प्रकारची) एसएसडी (256 सुद्धा चालेल), फुल एचडी आयपीएस स्क्रीन (बाजूनं पाहिलं तरी रंग नीट दिसणारी), आणि प्रोसेसर इंटेल आय3-1215यू किंवा त्याच्या आसपासचा.

पुण्याची_अमृता

इतका खटाटोप कशाला, क्रोमबुक (विंडोजऐवजी गुगलच्या सिस्टिमवर चालणारा लॅपटॉप) घ्या ना. झटकन सुरू होतं, व्हायरसची कटकट नाही, बॅटरी टिकते, आणि नववीतल्या मुलीला गुगल डॉक्स पुरेसं आहे.

धंतोलीकर

अमृताताई, नुसतं ब्राउझरमध्ये काम असेल तर तुमचं बरोबर आहे. पण इथे बचत गटाचा हिशेब एक्सेलमध्ये आहे, उद्या ऑडिटवाला मॅक्रो (आपोआप चालणारे आदेश) असलेली शीट पाठवेल ती क्रोमबुकवर तशीच चालणार नाही. शिवाय घरात कोणाचं डिजिटल सिग्नेचरचं यूएसबी टोकन असलं तर ते क्रोमबुकवर सहसा चालत नाही. मी निवृत्तीनंतर सोसायटीचं काम पाहतो, तिथे हे रोज लागते. घरात एकच मशीन राहणार असेल तर विंडोजचंच असावं असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि रेवतीताई, वडिलांच्या हयातीच्या दाखल्यासाठी लॅपटॉप घेत असाल तर त्याची गरज नाही. जीवन प्रमाण आता अँड्रॉइड मोबाइलवर चेहरा दाखवून होते, अंगठ्याचं मशीन नाही लागत.

रेवती_मनीषनगर

धन्यवाद काका, हे माहीत नव्हतं, बाबांना सांगितलं तर खूप हलकं वाटलं त्यांना, नोव्हेंबरचं टेन्शन असते.

दादा, तुम्ही म्हणता तसं बघितलं. रायझन 3 चे पण बरेच दिसून राहिले त्याच बजेटमध्ये, ते कसे?

जुना_पीसीवाला

त्या किमतीत दिसतो तो बहुतेक रायझन 3 7320यू. मशीन वाईट नाही, चार कोअर, तापतो कमी, तुमचं काम आरामात करेल. पण दोन गोष्टी माहीत असू द्या. एक, नावात 7 आहे म्हणून नवीन समजू नका, रायझन बनवणाऱ्या एएमडी कंपनीच्या या 7000 मालिकेत तिसरा आकडा पाहायचा असतो, 7320 मध्ये तो 2 आहे म्हणजे आतली रचना झेन 2, ती 2019 ची. रायझन 5 7520यू पण आतून तोच, चारच कोअर, त्यामुळे नुसतं ‘रायझन 5’ ऐकून जास्तीचे पैसे देऊ नका. दुसरी आणि मोठी गोष्ट, या प्रोसेसरला एलपीडीडीआर5 रॅमच लागते आणि ती सोल्डर केलेलीच असते. 8 जीबीचा घेतला तर तो शेवटपर्यंत 8 जीबीचाच.

आय3-1215यू 2022 चा आहे, दोन मोठे आणि चार छोटे असे सहा कोअर. याच्या बऱ्याच मॉडेलमध्ये डीडीआर4 चा (काढता-घालता येणाऱ्या रॅमचा) स्लॉट असतो, पण सगळ्यांत नसतो, पाहूनच घ्या. दुकानात चालू मशीनवर टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक करा, उजवीकडे खाली किती स्लॉट वापरले ते लिहिलेलं असते. फॉर्म फॅक्टरसमोर ‘रो ऑफ चिप्स’ असं आलं तर ती सोल्डरची, ‘एसओडिम’ आलं तर काढता येणारी. काही मशीनमध्ये थोडी सोल्डरची आणि वर एक रिकामा स्लॉट असंही असते, ते चांगलं.

इंटेल एन 100 पण मिळेल, चार छोट्या कोअरचा, 2023 चा. जुन्या सेलेरॉनपेक्षा कितीतरी बरा. एकट्या बाबांसाठी असता तर मी तोच सांगितला असता. पण तिघांनी वापरायचा आणि मुलगी दहावी-बारावी करून पुढं जाईपर्यंत टिकवायचा तर आय3.

काटोलकर

भाऊ आन ते सेकंडहँड कंपनीतले येतात ते कसे? थिंकपॅड वगैरे. माह्यावाला 7 व्या पिढीचा आय5 हाय, मक्खन चालते.

पुण्याची_अमृता

हो, रीफर्बिश्डचा (वापरलेला, नीट करून पुन्हा विकलेला) विचार नक्की करा. ऑफिसमधून निघालेली बिझनेस मॉडेल्स नव्या स्वस्त लॅपटॉपपेक्षा दणकट असतात, कीबोर्ड तर फारच सुंदर. माझ्या आईकडे तसाच आहे, ती त्यावर रोज दोन-दोन तास लिहिते आणि नवीन नको म्हणते.

जुना_पीसीवाला

अमृताताईंच्या या म्हणण्याशी मी पूर्ण सहमत आहे, कीबोर्डच्या बाबतीत तर शंभर टक्के. पण अट एकच, प्रोसेसर इंटेलच्या 8 व्या पिढीचा किंवा पुढचा हवा. विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि विंडोज 11 ला अधिकृतपणे 8 वी पिढी आणि टीपीएम 2.0 (सुरक्षेची चिप) लागते. आता बाजारात झालं असं की 6 व्या-7 व्या पिढीची मशीनं ढिगानं बाहेर निघाली, कोणीतरी जुगाड करून त्यावर विंडोज 11 टाकून देते आणि गिऱ्हाईक म्हणते अकरा तर चालून राहिली ना. चालते, पण पुढचं मोठं अपडेट येईल याची खात्री नाही. मॉडेलच्या नावावरही जाऊ नका, थिंकपॅड टी 480 मध्ये काही 7 व्या पिढीचे पण निघाले होते. प्रोसेसरचा नंबर वाचायचा: आय5-8250यू, 8350यू म्हणजे 8 वी, 7200यू, 7300यू म्हणजे 7 वी.

घेताना कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवर सीएफजीचा बॅटरी रिपोर्ट काढायला सांगा, त्यात मूळ क्षमता आणि आता पूर्ण चार्ज झाल्यावर उरलेली क्षमता दोन्ही येतात. बंद करून चालू करताना बायोसमध्ये (विंडोजच्या आधी येणाऱ्या सेटिंगमध्ये) जाऊन पाहा, पासवर्ड मागितला तर मशीन खाली ठेवा आणि निघा. झाकण शंभरदा उघडलेलं असते, बिजागरी ढिली आहे का ते हातानं कळते. आणि जीएसटी बिल द्यायला जो का-कू करते त्याच्याकडून घेऊच नका.

काटोलकर भाऊ, तुमचं मशीन फेकू नका. मायक्रोसॉफ्टनं घरच्या लोकांसाठी विंडोज 10 चे सिक्युरिटी अपडेट नोंदणी केली तर 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत देऊ केले आहेत. त्यानंतर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी वापरायची फुकट सिस्टिम) टाका, 7 व्या पिढीच्या आय5 वर छान पळते.

सौ_प्रतापनगर

मी शिक्षिका आहे म्हणून स्क्रीनबद्दल कळकळीनं सांगते. मुलं तासन्‌तास त्यात पाहतात. स्वस्त लॅपटॉपमध्ये टीएन स्क्रीन देतात, समोरून ठीक दिसते पण थोडं बाजूनं किंवा खालून पाहिलं की रंग उलटेपालटे, चेहरे काळे पडतात. रेवती, तुम्ही सगळे मिळून व्हिडिओ कॉल करता म्हणालीस ना, मग कडेला बसलेल्यांना भावाचा चेहरा नीट दिसणारच नाही. दुकानात एखादा फोटो लावायचा, झाकण मागंपुढं करायचं, दोन्ही बाजूंनी उभं राहून पाहायचं. एक मिनिट लागते. आणि रिझोल्यूशन 1920 बाय 1080 च घे, 1366 बाय 768 वर एक्सेलचे रकाने पण पूर्ण दिसत नाहीत. बाबांना अक्षर बारीक वाटलं तर स्केल 125 किंवा 150 टक्के करता येते.

रेवती_मनीषनगर

काल मुलीला आणि बाबांना घेऊन परत बर्डीला गेले, मोदी नंबरच्या गल्लीतली दुकानं पाहिली. आता दोनावर येऊन अडकली आहे.

पहिला: रायझन 3 7320यू, 8 जीबी सोल्डरची, 512 एसएसडी, आयपीएस स्क्रीन, वजनाला हलका.

दुसरा: आय3-1215यू, 8 जीबी, एक स्लॉट रिकामा (टास्क मॅनेजरमध्ये पाहिलं दादा, दुकानातल्या मुलालाच नवल वाटलं), 512 एसएसडी, पण स्क्रीन टीएन. मॅडमनी सांगितलेली युक्ती केली, बाजूनं खरंच काळपट दिसते.

भावात फरक फक्त दीड हजाराचा. दादा तुमच्याच नियमानं जायचं तर काय? पहिल्यात रॅम बदलता येत नाही, दुसऱ्यात स्क्रीन.

धंतोलीकर

माझ्या मते दुसरा. मशीन पाच-सहा वर्षं वापरायचं आहे, रॅमची गरज वाढतच जाणार.

सौ_प्रतापनगर

मी पहिला म्हणेन. रॅम कमी पडली तर दोन टॅब बंद करता येतात. डोळ्यांना रोज जे सोसावं लागते त्याला तसा उपाय नाही.

जुना_पीसीवाला

दोघांचंही बरोबर आहे म्हणूनच ताई अडकल्या. हेच दोन असतील तर मी मॅडमच्या बाजूनं आहे, पहिला घ्या. मघाशी मी तिघांसाठी आय3 म्हटलं होतं, पण तुमच्याकडे 8 जीबीच्या बाहेर जाणारं काम आज नाही, आणि स्क्रीन तर पहिल्या दिवसापासून सगळ्यांना दिसणार.

पण थांबा, लगेच पैसे देऊ नका. एकाच मालिकेचे, बाहेरून एकसारखे दिसणारे लॅपटॉप वेगवेगळ्या स्क्रीनचे असतात. मालिकेचं नाव सारखं, पण मागच्या स्टिकरवर जो लांबलचक अक्षर-आकड्यांचा मॉडेल नंबर असतो तो वेगळा. दुसऱ्या मशीनचा तो पूर्ण नंबर लिहून घ्या, कंपनीच्या साइटवर टाका, आणि त्याच आय3 चा आयपीएसवाला नंबर कोणता ते शोधा. मग तो नंबर घेऊन दुकानात विचारा. ‘आय3 द्या’ म्हटलं तर जो पडून आहे तो देतील, नंबर सांगितला तर तोच मागवावा लागते.

आणि रॅमबद्दल अजून एक. 2025 च्या शेवटी एआयच्या डेटा सेंटरांमुळे रॅमचे भाव जगभर चढले. म्हणून ‘आत्ताच 16 करून घ्या’ असा दुकानदाराचा आग्रह असला तर घाई करू नका. स्लॉट रिकामा ठेवा, गरज पडेल तेव्हा भाव पाहून टाका.

काटोलकर

ऑनलाइन काहून नाही पाहत? सेलमध्ये स्वस्त भेटते.

पुण्याची_अमृता

ऑनलाइन भाव बरे मिळतात, विशेषतः दसरा-दिवाळीच्या सेलमध्ये कार्डावर सूट असते. फक्त विक्रेता कोण आहे ते वाचा आणि ओपन बॉक्स डिलिव्हरी असेल तर तीच निवडा, म्हणजे दारातच उघडून दाखवतात. स्क्रीन मात्र आधी दुकानात डोळ्यांनी पाहून घ्या. आणि वॉरंटी ऑनसाइट आहे की सर्व्हिस सेंटरला न्यायची, हे दोन्हीकडे विचारा. बाबा घरी एकटे असताना बंद पडला तर माणूस घरी येणं फार सोयीचं असतं.

रेवती_मनीषनगर

झालं एकदाचं! सदरमध्ये एका दुकानात नंबर दाखवला, त्यांनी दोन दिवसांत मागवून दिला: आय3-1215यू, 8 जीबी आणि रिकामा स्लॉट, 512, आयपीएस फुल एचडी. 38 हजारांच्या थोडं आत, जीएसटी बिलासकट. बाबांनी दुकानात उभ्या उभ्या मराठी पेपरची साइट उघडायला लावली आणि एक अख्खा अग्रलेख वाचून काढला, तेव्हाच मला कळलं की हाच.

दुकानदार म्हणे अँटीव्हायरस घ्या आणि ऑफिस ‘टाकून देतो’ फुकटात. दोन्हीला थांबवलं आहे, घेऊ का?

जुना_पीसीवाला

अभिनंदन ताई, मनापासून आनंद झाला. दोन्ही नको. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर घरासाठी पुरेसा आहे. आणि फुकटात टाकून दिलेलं ऑफिस म्हणजे क्रॅक केलेलं, त्याच्यासोबत काय काय आत येते ते मी रोज साफ करतो, आणि तुम्ही त्याच मशीनवर बँक उघडणार. बॉक्सवर ऑफिस होमचा उल्लेख आहे का पाहा, बऱ्याच मॉडेलसोबत ते कायमचं मिळते, स्वतःच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटवरून चालू करून घ्या, दुकानदाराच्या मेलवरून नाही. नसेल तर लिब्रेऑफिस फुकट आणि कायदेशीर आहे, बचत गटाचा हिशेब त्यात होते.

आता आपल्या नागपूरचं. मे महिन्यात पारा 45 च्या वर जाते आणि बहुतेक लॅपटॉप 35 अंशांपर्यंतच्या खोलीसाठी बनवलेले असतात. गादीवर ठेवून वापरू नका, खालची जाळी बंद होते. कूलरच्या थेट झोतात ठेवू नका, ती हवा ओली असते आणि वाळ्याचा कचराही उडतो, बाजूला ठेवा. उन्हात उभ्या कारमध्ये तर कधीच सोडू नका. घरी सारखा प्लगला लावून ठेवणार असाल तर कंपनीच्या अ‍ॅपमध्ये चार्जिंग 80 टक्क्यांवर थांबवायची सोय असते ती चालू करा, उष्णता आणि पूर्ण भरलेली बॅटरी हे दोन्ही एकत्र आले की बॅटरी लवकर उतरते. धातूच्या भागाला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर सॉकेटचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनला तपासायला सांगा, लॅपटॉप बिघडला असं समजून धावपळ करू नका.

रेवती_मनीषनगर

दादा, बाबांचा एक प्रश्न. ते ऑफिसमध्ये मराठी टाइपरायटरवर शिकलेले, त्यांची बोटं तशीच चालतात. इंग्रजी अक्षरं दाबून मराठी लिहिणं त्यांना जमून नाही राहिलं.

धंतोलीकर

त्यांना फोनेटिक शिकायची सक्ती करू नका. मुलीसाठी विंडोजचा मराठी फोनेटिक कीबोर्ड ठीक आहे, सेटिंग्जमध्ये भाषेत मराठी जोडली की येतो आणि विंडोजचं बटण दाबून स्पेस मारली की इंग्रजी-मराठी बदलते. वडिलांसाठी सी-डॅक या सरकारी संस्थेचं आयएसएम हे टायपिंगचं सॉफ्टवेअर टाका, त्यात टाइपरायटरच्या पद्धतीचा लेआउट आहे. फक्त युनिकोडमध्येच टाइप करायला लावा. जुन्या फॉन्टमध्ये लिहिलेलं दुसऱ्या मशीनवर उघडलं की नुसती चित्रविचित्र अक्षरं दिसतात, आणि गावच्या आठवणी नातवंडांच्या मोबाइलवर वाचता यायला हव्यात.

सौ_प्रतापनगर

आणि रेवती, ते लिखाण फक्त लॅपटॉपमध्ये ठेवू नकोस. दर रविवारी भावाशी बोलून झालं की ती फाइल त्याला मेल करून टाकायची आणि एक कॉपी पेनड्राइव्हवर. काम मुलीकडे सोपव.

काटोलकर

ताई, बाबांचं गाव कोणतं हो? आमच्याकडचं असन तं वाचाले नक्की पाठवा.

रेवती_मनीषनगर

नरखेडकडचं आहे भाऊ! बाबांना तुमचा मेसेज वाचून दाखवला, म्हणाले संत्र्याच्या बागांचं प्रकरण आधी टाइप करतो.